दहावं खोटं

१

शाळेत शिक्षक नऊ, आणि मुलांनी पकडलेली खोटी निघाली दहा.

हेल्का पिर्तिनेननं शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. पुन्हा दहाच. तिनं चष्मा पुसला. चष्मा पुसून रेघा कमी होत नाहीत हे तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला ठाऊक असतं, तरीही तिनं पुसला.

खोट्याचा आठवडा ही तिचीच कल्पना. "खोटं काय वेळापत्रक बघून येतं? मग ते ओळखायचा तास तरी वेगळा कशाला?" असं म्हणून तिनं सरोवराकाठच्या कुइक्कानिएमी गावातल्या या शाळेत ही प्रथा पाडली होती. दर डिसेंबरात प्रत्येक शिक्षकानं आपल्याच विषयात एक खोटं बेमालूम मिसळायचं आणि मुलांनी ते शोधून पुराव्यानिशी धरायचं. यंदा गणितातला आलेख शून्याऐवजी मधल्याच आकड्यापासून सुरू होऊन गावाची लोकसंख्या कोसळल्याचं दाखवत होता. संगीतात कधी जन्मलाच नव्हता असा एक संगीतकार होता. विणकामात सुती मोजे लोकरीपेक्षा गरम ठरले होते. खुद्द हेल्कानं गावाच्या रेल्वे स्टेशनचा जुना फोटो लावला होता, आणि या गावात आजवर रेल्वे आलेलीच नाही.

"दोन कुणी टाकली?" तिनं हसत विचारलं. "बक्षीस मुलांना आहे, आपल्याला नाही."

"माझं एकच," स्कीचा पोशाख चढवून दारात उभा असलेला इल्पो म्हणाला. इल्पो कोक्कोनेन व्यायाम शिकवायचा. "तेही त्या केर्त्तुनं दोन मिनिटं टिकू दिलं नाही. कार्टी मोठी होऊन एक तर न्यायाधीश होईल, नाही तर सगळ्यांच्या डोक्याला ताप. चला, माझी पोरं खोळंबलीत." आणि तो गेला.

बाकीच्यांनीही माना हलवल्या. गणिताचा वोइत्तो लाम्पेला तेवढा कपात बघत बसला होता. त्याच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. लाकडं फोडताना सोलवटले, असं तो सोमवारपासून सांगत होता. "माझंही एकच," तो हळू म्हणाला, टेबलावरचे काळ्या पावाचे उरलेले दोन तुकडे कागदात गुंडाळून खिशात टाकले आणि उठला. "नववीची परीक्षा आहे."

हेल्कानं त्याच्या पाठमोऱ्या स्वेटरकडे पाहिलं. बरेच दिवस त्या स्वेटरला लाकडाच्या धुराचा वास यायचा. या दोन-तीन दिवसांत येत नव्हता. तिला हे उगाचच जाणवलं, आणि तिनं ते तिथंच सोडलं.

"दहावं कोणतं गं?" मुख्याध्यापिका मार्केत्ता साविक्कोनं विचारलं.

"खालच्या स्क्रीनवरचं. बर्फाचं."

दालनातल्या मोठ्या स्क्रीनवर मंगळवारी एक फोटो झळकला होता. त्याच्याखाली लिहिलं होतं: 'साल्मीवरून जाऊ नका. मधला बर्फ धरणार नाही.' साल्मी म्हणजे गाव आणि समोरचं बेट यांच्यामधलं चिंचोळं पाणी. बुधवारी पाचवीच्या केर्त्तुनं ते खोटं म्हणून धरलं. खाली नाव नाही, तारीख नाही, आदल्याच दिवशी वर्गानं काठाचा बर्फ मोजला तो वीतभर जाड भरला होता, आणि फोटो उलटा केलेला. शाळेच्या खिडकीतून गावातलं धुराडं चर्चच्या उजवीकडे दिसतं, फोटोत ते डावीकडे होतं. हेल्कानं शाबासकी दिली आणि स्वतःच्या हातानं फळ्यावर दहावी रेघ ओढली.

आता ती त्याच रेघेकडे बघत होती. नऊ जण शपथेवर सांगतायत की ते आमचं नाही. खोटं कुणी बोललंच नसेल, तर ते खोटं आहे कशावरून?



"मार्केत्ता, पाचवीचं बक्षीस काय आहे? दरवर्षीसारखा सिनेमाच ना?"

"छे. इल्पोनं आज सकाळीच ठरवलं. बेटावर नेतोय त्यांना स्कीवरून, सॉसेज भाजायला." मार्केत्तानं खिडकीकडे हात केला. "ती बघ, निघाली पण."

टेकडीच्या उतारावर रंगीबेरंगी टोप्यांची एक रांग सरोवराच्या दिशेनं सुटली होती.

२

इल्पोनं फोन उचलला तेव्हा मागे पोरांचा कालवा चालला होता.

"इल्पो, साल्मीवर जाऊ नकोस. परत फिर."

"का बरं?"

"तो फोटो कुणाचाच नाही. खरा असू शकतो."

पलीकडे इल्पो खो-खो हसला. "वा! पोरांनो, ऐका, आलं बरं का शेवटचं खोटं!" मागे पंधरा-वीस गळ्यांनी आरोळी ठोकली.

 चूक हेल्काचीच होती. खेळ संपला असं सगळ्यांना वाटलं की एक शेवटचं खोटं सोडायचं, ही तिचीच खोड. गेल्या वर्षी तिनं अशीच घाबरल्या आवाजात फोन करून इल्पोला भर थंडीत न येणाऱ्या बसची वाट पाहायला लावलं होतं. मुलं वर्षभर त्यावर हसली होती. तीही हसली होती.

"इल्पो, या वेळी खरंच..."

"गेल्या वर्षीही खरंच होतं. काठावर मी स्वतः बर्फ तपासलाय, बाई, वीतभर आहे. सॉसेज ठेवतो तुझ्यासाठी एक." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

लांडगा आला रे आला ही गोष्ट ती दरवर्षी पहिलीच्या वर्गाला सांगायची. त्या गोष्टीतला गुराखी आपणच होऊ असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"बचाव पथकाला बोलाव," ती मार्केत्ताला म्हणाली. मार्केत्ताचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं फोन फिरवला, बोलली, ठेवला. "निघतायत. पण पथक शेजारच्या गावाहून यायचं, रस्ता निसरडा. अर्धा तास तरी."

"पोरं त्याआधी साल्मीच्या मध्यावर असतील."

मागे धावून उपयोग नव्हता. चपळ पोरं स्कीवर, आणि ही साठीला टेकलेली बाई बर्फाळ उतारावर. गाठलं तरी ती तेच म्हणणार, शेवटचं खोटं. नुसती भीती सांगून आता कुणी ऐकणार नव्हतं. हवा होता पुरावा, आणि तो पुरावा त्या फोटोशिवाय दुसरीकडे कुठं असणार? हेल्का कठडा धरून भराभर जिना उतरली.

३

दालनात मोजे घातलेली पहिलीची पोरं गुळगुळीत फरशीवर घसरत होती. हेल्का स्क्रीनसमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो फोटो नीट पाहिला.

पुढ्यात काळ्या पाण्याचा एक पट्टा होता आणि त्यावर वाफ. पट्ट्यापलीकडे पांढरा बर्फ, त्यापुढे चर्च आणि धुराडं. त्यांच्यामागे धुकं, आणि धुक्यातून वर आलेला टेकडीचा माथा. माथ्यावर एक बारीक काठी.

टेकडी? खिडकीतून चर्चच्या मागे दिसतं ते सरोवर. चर्चच्या मागे टेकडी दिसायची तर माणूस सरोवराच्या बाजूला उभा हवा. आणि तिथून पाहिलं तर धुराडं डावीकडेच दिसणार.

फोटो उलटा केलेला नव्हता. तो उलट्या बाजूनं काढलेला होता. बेटावरून.

तिला रडू आलं. उन्हाळ्यात होडीतून हेच दृश्य तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं, पोरांनीही. पण पहिली भेग सापडल्याबरोबर केर्त्तु 'खोटं!' म्हणून थांबली, आणि हिनं शाबासकी दिली. शंका घ्यायला तिनं शिकवलं होतं. शंकेवरही एकदा शंका घ्यावी, हे सांगायचं राहून गेलं होतं.

"रेइनो!"

रेइनो मोइलानेन, शाळेची देखभाल करणारा, फावडं घेऊन आत येत होता. स्वभावानं तिरसट, पण काठावर राहणारा, आणि त्याची स्वतःची होडी होती.

"त्या काठीवर काय आहे, दिसतंय तुला?" हेल्कानं बोट दाखवलं.

रेइनोनं डोळे बारीक केले. "आपली काठी आहे ती. शाळेची. आणि झेंडा माझा आहे. अर्ध्यावर उतरवलेला."

"अर्ध्यावर कधी होता?"

"कधी म्हणजे? सोमवारी. स्वयंपाकघरातली टेल्लेर्वो गेली त्या दिवशी. जन्मभर गुरुवारचं वाटाण्याचं सूप वाढलं तिनं आपल्याला, तिच्यासाठी नाही उतरवणार तर कुणासाठी? सकाळी चढवला, अंधार पडताना काढला. त्याआधी सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनाला, पूर्ण होता. मध्ये नाही, नंतर नाही."

म्हणजे सोमवारी, सकाळच्या त्या धुक्यात, कुणीतरी बेटावर होतं, आणि त्याच्यासमोर उघडं पाणी होतं.

"रेइनो, हा पट्टा बघ. कडा कशा सरळ आहेत, आणि कडेला बर्फाचे तुकडे रचलेत. असं आपोआप होतं?"

रेइनोचा चेहरा बदलला. त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. "नाही. ही होडीची वाट आहे. पहिला बर्फ धरल्यापासून कुणीतरी रोज होडीनं फोडत आलंय. येताना एकदा, जाताना एकदा." तो थांबला. "आणि बुधवारी बर्फ पडला."

दोघांनाही एकाच वेळी कळलं. मंगळवारी त्या पट्ट्यावर पापुद्रा धरला असेल. बुधवारी वर मऊ बर्फाची गोधडी पडली. तेव्हापासून हवाही उबदार होती. आज साल्मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच पांढरी दिसत असेल, आणि तिच्या मधोमध एक वाट पापुद्र्यावर उभी असेल.

"तुझी होडी होती का?" हेल्कानं त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं. हा प्रश्न विचारताना तिला त्याचीही भीती वाटली.

"माझी?" रेइनो चिडला. "माझी होडी ऑक्टोबरपासून अंगणात पालथी आहे, ये बघायला. आणि सोमवारी सकाळी मी त्या काठीखाली उभा होतो, मार्केत्ताला फोन लावून. परवानगी तिची लागते ना. ती तिकडे कुओपिओ शहरात मीटिंगला. आणि ते टीव्हीचं यंत्र मला सुरू करता येतं, बंद करता येतं. त्याच्याशी बोलता येत नाही."

स्क्रीनवर काही चढवायचं तर पासवर्ड लागायचा. तो होता मार्केत्ताकडे, आणि सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या वोइत्तोकडे.

"गाडी दारात लाव," हेल्का म्हणाली. "इंजिन चालू ठेव."

४

मार्केत्ता जिन्याच्या पायरीवरच भेटली. तीही खालीच येत होती.

"बेटावर या बाजूला एकच घर आहे," हेल्का म्हणाली. "तुझं."

"मी सोमवारी कुओपिओला..."

"माहीत आहे. किल्ली कुणाला दिलीस?"

मार्केत्तानं ओठ दाबले. इतकी वर्षं एकत्र काम केलेली ही बाई आज नजर चुकवत होती. "मी शब्द दिलाय, हेल्का. कुणाच्या तरी अब्रूचा प्रश्न आहे. त्याचा बर्फाशी काही संबंध नाही, देवाशप्पथ."

"मग मीच सांगते. तू नुसती गप्प राहा." आणि बोलता बोलताच हेल्काला एकेक गोष्ट सापडत गेली. "दोन्ही तळवे सोलवटलेत. लाकडं फोडणारे इथे पुष्कळ आहेत, कुऱ्हाडीनं असे दोन्ही हात जात नाहीत. वल्ह्यानं जातात. जेवणानंतर उरलेला पाव खिशात जातो. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत, व्यायामशाळेच्या न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर. महिनाभर स्वेटरला चुलीचा वास, आणि मंगळवारपासून तो वास गेला. म्हणजे मंगळवारपासून तो तिथं राहत नाही. आणि सोमवारी त्याचा पहिला तास उशिरा असतो. उजेड पडल्यावर निघाला तरी पोचतो."

मार्केत्ता गप्प राहिली.

"वोइत्तो," हेल्का म्हणाली.

मार्केत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "बायकोनं घर सोडायला सांगितलं त्याला. कुणाला सांगू नकोस म्हणाला, गावात तोंड दाखवता येणार नाही. मी किल्ली दिली. पण तो रोज बर्फ फोडत होडी नेतो, हे मला ठाऊक नव्हतं गं."

हेल्का तोपर्यंत नववीच्या दाराशी पोचली होती. तिनं न ठोठावताच दार उघडलं.

वर्गात पेनांची कुरकुर चालली होती. वोइत्तोनं मान वर केली, तिचा चेहरा पाहिला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा विझला. त्याला कळलं की हिला कळलंय. पण गोष्ट किती मोठी आहे, ते त्याला अजून ठाऊक नव्हतं.

"बाहेर ये."

तो दार ओढून घेऊन बाहेर आला. "उद्या सांगणार होतो मी," तो पुटपुटला. "सगळ्यांसमोर नाही जमलं. त्या फोटोला सगळे हसत होते, आणि मी म्हणणार काय? की मी बेटावर चोरासारखा राहत होतो? आता झोपतो कुठे, तेही विचारलं असतं. कॉम्प्युटरच्या खोलीत झोपतो, हेल्का. हस."

"तो फोटो खरा आहे?"

"हो. वाट माझीच. हात सोलवटले म्हणून होडी सोडली, आणि वाट परत गोठली की फसवी होईल म्हणून तर फोटो लावला. आणि साल्मीवर आत्ता जातंय कोण? बक्षीस तर सिनेमाचं..."

"इल्पो पाचवीला घेऊन बेटावर निघालाय. स्कीवर. आज सकाळी ठरलं, तू गेल्यावर मला कळलं."

 वोइत्तो भिंतीला टेकला, पण खाली बसला नाही.

"फोन दे तुझा," हेल्का म्हणाली. "माझा तो उचलत नाही."

५

रेइनोची गाडी उतारावरून घसरत सरळ होत खाली निघाली. हेल्का पुढे, वोइत्तो मागे. फोन वाजत होता. उचल, हेल्का मनात म्हणत होती, उचल रे बाबा.

"वोइत्तो, बोल!" इल्पोचा आवाज आला, वाऱ्यात फाटलेला.

"मी हेल्का आहे. ठेवू नकोस. कुठे आहात?"

"अरे देवा. पोरांनो, वेगळ्या नंबरावरून! चिकाटी बघा बाईंची. थांब, मोठ्या आवाजावर टाकतो, सगळ्यांना ऐकू दे." खसखस पिकली. "साल्मीवर आहोत. अर्ध्यात आलो. बेट समोर दिसतंय."

 ओरडावं, शिव्या द्याव्यात, रडावं असं हेल्काला वाटलं. पण ओरडणं म्हणजे खोट्याचाच अभिनय ठरणार. गेल्या वर्षीही ती छान ओरडली होती.

"केर्त्तु आहे का तिथे?"

"आहे, ओपे." बारीक, ठाम आवाज. इथली मुलं सगळ्याच शिक्षकांना ओपे म्हणतात, पण केर्त्तुच्या तोंडी ते उलटतपासणीसारखं वाटायचं. "हे शेवटचं खोटं आहे ना? आम्ही ओळखलं."

"असेलही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

वाऱ्याचा आवाज. खिदळणं जरा ओसरलं.

"मी तुम्हाला काय शिकवलंय? कुणी म्हणतं म्हणून मानायचं का?"

"नाही."

"आणि कुणी म्हणतं म्हणून झिडकारायचं का?"

 "तपासायचं," केर्त्तु म्हणाली.

"मग तपासा. एक पाऊलही पुढे न टाकता. इल्पोच्या पाठीवर गिरमिट आहे. उभे आहात तिथे भोक पाडा."

"मी काठावर पाडलंय..." इल्पो म्हणाला.

"ते काठावर. इल्पो, हसायचं तर माझ्यावर नंतर पोट धरून हस. पाच मिनिटांचं काम आहे."

गिरमिट फिरल्याची करकर ऐकू आली. रेइनोनं गाडी काठाशी आणून उभी केली. दूर साल्मीच्या शुभ्र पाटीवर रंगीत ठिपक्यांचा एक घोळका दिसत होता. तिघंही बाहेर पडले. 

करकर थांबली. "वीतभर!" इल्पो ओरडला. "अगदी वीतभर, पोलादासारखा. आता तरी पटलं? चला रे!"

मुलांनी जल्लोष केला. घोळका हलू लागला. वोइत्तोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"केर्त्तु!" हेल्का म्हणाली. "फोटो खोटा म्हणून धरलास तेव्हा किती पुरावे पाहिलेस?"

"खूप. नाव नव्हतं, तारीख..."

"आणि एक चूक सापडल्यावर थांबलीस. मीही थांबले. तो फोटो उलटा नव्हता, केर्त्तु. बेटावरून काढलाय. मागे वळून गावाकडे बघ. धुराडं चर्चच्या कुठल्या बाजूला आहे?"

ठिपक्यांमधला एक लाल ठिपका थांबला. वळला. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"डावीकडे," केर्त्तु म्हणाली. आवाजातला न्यायाधीश गेला होता. अकरा वर्षांची मुलगी उरली होती. "ओपे, डावीकडे आहे. इल्पो ओपे, थांबा! सगळे थांबा!"

वोइत्तोनं फोन हेल्काच्या हातातून ओढून घेतला. "इल्पो, मी वोइत्तो. ही चेष्टा नाही. महिनाभर मी बेटावर राहत होतो, तिकडे होडीनं जायचो. बर्फ फोडून. पाण्यात घुसलेल्या लव्हाळ्यांच्या टोकापासून थेट मार्केत्ताच्या सौनाच्या धुराड्याच्या ओळीत. ती ओळ तुझ्यापासून किती लांब आहे?"

इल्पो या खेपेला हसला नाही. "लव्हाळी... उजवीकडे, बरोबरीला. सौना समोर." त्यानं अंतर नजरेनं मोजलं. "काही पावलं. वोइत्तो, फार तर काही पावलं."

"पोरांना मागे घे. एकमेकांपासून लांब लांब, आल्या वाटेनं. तू आडवा पड आणि काठी पुढे मार."

रंगीत ठिपके पांगू लागले, हळू, खूप हळू. एक मोठा निळा ठिपका बर्फावर आडवा झाला. फोनमध्ये काठीचा ठणका ऐकू आला. टणक. पुन्हा ठणका. टणक. इल्पो सरपटत होता.

तिसऱ्या ठणक्याला आवाज आलाच नाही. आला तो पाण्याचा, डबकन्, आणि मग इल्पोचा श्वास.

"काठी मुठीपर्यंत आत गेली," तो म्हणाला. "देवा. काठी मुठीपर्यंत गेली."

६

बचाव पथक आलं तेव्हा पोरं काठावर होती आणि रेइनोच्या गाडीतल्या घोंगड्यांखाली थरमासची गरम कॉफी वाटून घेत होती. त्या वयात कॉफी द्यायची नसते, पण त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दोन माणसं दोर बांधून गेली आणि वाटेच्या दोन्ही कडांना लाल झेंड्या रोवून आली. पापुद्रा दोन बोटं होता, वर मऊ बर्फ. पहिला गेला असता तर मागच्या दोघा-तिघांना कळायच्या आत त्यांच्याही पायांखालचा तुटला असता, असं त्यांचा म्होरक्या इल्पोला बाजूला घेऊन म्हणाला. इल्पोनं ते उभ्यानं ऐकलं, आणि मग गाडीमागे जाऊन ओकला.

हेल्का दगडावर बसली होती.  केर्त्तु शेजारी येऊन बसली.

"ओपे, मग आमचा एक गुण कमी होणार," ती म्हणाली. "दहावं खोटं नव्हतं."

"तुमचा नाही. रेघ मी ओढली होती."

केर्त्तुनं विचार केला. "दोघींचा अर्धा अर्धा."

"चालेल," हेल्का म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. केर्त्तु अशी कुणाच्या जवळ जायची नाही. त्या दिवशी गेली आणि हुंदके देत रडली.

वोइत्तो लांब एकटा उभा होता, मान खाली घालून. रेइनो त्याच्याकडे गेला. हेल्काला वाटलं, आता हा तिरसट माणूस त्याला चार शब्द सुनावणार. रेइनोनं सरोवराकडे बघितलं.

"माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे," तो म्हणाला. "सौना शनिवारी तापवतो, वाफ घ्यायला ये. वल्ही बाहेर ठेवायची."

सोमवारी सकाळी मुलं बूट काढून दालनात शिरली तेव्हा स्क्रीनवर पुन्हा तोच फोटो होता. काळा पट्टा, वाफ, डावीकडचं धुराडं, धुक्यावरचा अर्ध्या उंचीचा झेंडा. खालचा मजकूरही तोच. फक्त त्याखाली आता आणखी ओळी होत्या.

'फोटो वोइत्तो लाम्पेलानं काढला. बेटावरून, टेल्लेर्वो गेली त्या सोमवारी सकाळी. मला राहायला घर नव्हतं म्हणून मी तिथे होतो. लाज वाटली म्हणून आधी नाव घातलं नाही. बर्फ माझ्या होडीनं फुटला.'

दालनात नेहमीचा गलका नव्हता. नववीतली धटिंगण पोरंसुद्धा हळू वाचून पुढे जात होती. जिन्यावर वोइत्तो हातात खडूची पेटी घेऊन उभा होता, खाली यावं की वर जावं हे न कळून.

केर्त्तु स्क्रीनसमोर थांबली. तिनं नाव वाचलं. वार वाचला. मग काठीवरच्या झेंड्याकडे, चर्चकडे, धुराड्याकडे एकेक करून बघितलं. घाई केली नाही. शेवटी ती वळली आणि जिन्यावरच्या वोइत्तोकडे बघून मान हलवली.

"खरं आहे," ती म्हणाली, आणि मोज्यांवरून घसरत वर्गात गेली.